ओल्डुवाई : दोन कवट्यांच्या फाट्यावर

पुण्या-मुंबईहून टांझानियाच्या सफारीला जाणाऱ्या मंडळींचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. अरुशा, मन्यारा किंवा तरांगिरे, मग गोरोंगोरो आणि शेवटी सेरेंगेटी. सिंह, हत्ती, गेंडा, बिबट्या दिसायला हवेत आणि उजेड आहे तोवर मुक्कामाला पोचायला हवे, एवढीच घाई असते. गोरोंगोरोच्या डोंगरावरून सेरेंगेटीच्या मैदानाकडे उतरताना उजव्या हाताला एक फाटा लागतो. तिथे चौथऱ्यावर दोन भल्यामोठ्या कवट्या बसवल्या आहेत. गाड्या फोटोपुरत्या थांबतात आणि पुढे जातात. या फाट्यापासून चार-पाच किलोमीटर आत ओल्डुवाईची दरी आहे. माणूस कुठून आला या प्रश्नाची विसाव्या शतकात जी मोठी उत्तरे मिळाली, त्यांतली कितीतरी या एका दरीने दिली. मी टांझानियाला गेलो तो मुख्यतः तिच्यासाठी.

अरुशा हे मेरू पर्वताच्या पायथ्याचे शहर. मेरू साडेचार हजार मीटरहून उंच ज्वालामुखी आहे आणि त्याच्या उतारावरच्या काळ्या मातीत कॉफी आणि केळी मुबलक होतात. पश्चिमेकडे निघालो की ही हिरवळ तासाभरात सरते. मग मोकळे माळ, बाभळीची विरळ झाडे, लाल शुका पांघरून गुरांमागे चाललेले मासाई. मकुयुनीला वळून म्तो वा म्बू या बाजारपेठेच्या गावी पोचलो. तिथली तांबड्या सालीची केळी घेतली आणि समोर पाहिले तर रस्ता थेट एका कड्याला भिडत होता. डावीउजवीकडे नजर पोचेल तिथवर ही भिंत पसरलेली आहे.

ही पूर्व आफ्रिकेच्या महाखचदरीची कड. आफ्रिका खंड इथे उभे फाटते आहे. सोमालियाकडचा पूर्वेचा तुकडा उरलेल्या खंडापासून दरवर्षी काही मिलिमीटर दूर सरकतो. जमीन ताणली जाते, मधला पट्टा खचतो आणि पडलेल्या भेगांमधून ज्वालामुखी वर येतात. घाट चढून वरच्या थांब्यावर उभे राहिले की खाली मन्याराचे उथळ सरोवर पसरलेले दिसते. हा नुसता देखावा नाही. आफ्रिकेत इतरत्रही लाखो वर्षे आदिमानव राहिले असणार, पण त्यांच्या खुणा प्रामुख्याने या खचदरीत मिळाल्या, त्याचे कारण या भूरचनेत आहे. खचलेल्या भागात सरोवरे साचतात आणि त्यांच्या काठचा गाळ हाडे झाकून टाकतो. ज्वालामुखी मधूनमधून राखेचा थर पसरतात आणि त्या राखेचे वय मोजता येते. पुढे तीच जमीन पुन्हा फाटते, पाणी तिला कापते आणि गाडलेले उघडे पडते. झाकणे, मोजणे आणि उघडणे ही तिन्ही कामे जिथे होतात अशा जागा जगात थोड्या आहेत.

करातू मागे टाकून गोरोंगोरो संरक्षित क्षेत्राच्या दारात शिरलो. दाट जंगलातून, धुक्यातून गाडी चढत जाते आणि अचानक कड्यावर येते. खाली सुमारे सहाशे मीटर खोल आणि एकोणीस किलोमीटर रुंद असे कुंड आहे. वीस लाखांहून अधिक वर्षांपूर्वी इथला प्रचंड ज्वालामुखी आतला लाव्हा ओकून रिकामा झाला आणि त्याचे शिखर आत कोसळले, त्यातून हे घडले. आज कुंडाच्या तळाशी गेंडे आणि सिंह फिरतात. शेजारी ओल्मोटीसारखी इतर ज्वालामुखी-शिखरे आहेत. या डोंगररांगेने ओकलेली राख वाऱ्याबरोबर पश्चिमेला जाई आणि जिथे पडे, तिथे आज ओल्डुवाई आहे.

कुंडाच्या पश्चिमेला उतरताना जंगल संपते. वाऱ्याच्या आडोशाला मासाईंच्या वाड्या दिसतात, काटेरी कुंपणाच्या आत शेणामातीची बुटकी घरे. हे क्षेत्र १९५९ साली सेरेंगेटीपासून वेगळे केले गेले. सेरेंगेटीतून हलवलेल्या मासाईंना इथे गुरांसह राहण्याचा हक्क दिला गेला. २०२२ पासून सरकार त्यांना इथूनही दूर, हंडेनी जिल्ह्यातल्या म्सोमेरा गावी हलवत आहे आणि अनेकांचा त्याला विरोध आहे. माणसाच्या उगमाचे स्थान म्हणून जगापुढे मांडल्या जाणाऱ्या भूमीवर आज राहणाऱ्या माणसांना जागा उरणार की नाही, हा प्रश्न या प्रवासात डोळ्यांआड करता येत नाही.

फाट्यावर गाडी वळवली. मासाई या दरीला ओल्डुपाई म्हणतात आणि नव्या पाट्यांवर तेच नाव आहे. जगभरच्या ग्रंथांत मात्र ओल्डुवाई रूढ झाले. संग्रहालयाची नवी इमारत २०१७ साली खुली झाली. तिच्याजवळच दरीच्या अगदी काठावर छपराखाली बसायची जागा आहे. तिथे एक मार्गदर्शक आलेल्यांना दरीची ओळख करून देतो.

दरी सुमारे ४८ किलोमीटर लांब आणि जास्तीत जास्त ९० मीटरच्या आसपास खोल आहे. समोरच लाल मातीचा एकटा सुळका उभा आहे. त्याच्याकडे पाहता पाहता थर ओळखू येऊ लागतात. सर्वांत खाली काळा बसाल्ट. त्यावर करड्या-पांढुरक्या रंगाचा पहिला थर, वयाने वीस लाख वर्षांच्या आसपास. त्याच्यावर दुसरा. मग विटकरी लाल रंगाचा तिसरा, जो दुरूनही चुकत नाही. चौथा आणि त्यापुढचे आणखी वर. पहिला थर साचत होता तेव्हा इथे दरी नव्हती, खारट पाण्याचे सरोवर होते. डोंगरातून येणारे गोडे झरे सरोवराच्या काठाशी पोचत आणि तिथे झाडी, लव्हाळे व जनावरांची दाटी असे. सरोवर कधी पसरे, कधी आटे. पुढे ते नाहीसे झाले. त्यानंतर फार उशिरा जमीन खचली, ओढ्याने आपली वाट खोल कापली आणि वीस लाख वर्षांची साठवण उभी चिरली गेली.

या दरीच्या शोधाची कथा १९११ साली सुरू होते. विल्हेल्म काटविंकेल नावाचे जर्मन डॉक्टर इथून काही जीवाश्म घेऊन बर्लिनला गेले. त्यांत तीन खुरांच्या नामशेष घोड्याची हाडे होती. तेव्हा हा प्रदेश जर्मन वसाहत होता. १९१३ साली भूशास्त्रज्ञ हान्स रेक मोहीम घेऊन आले. रेक यांना दुसऱ्या थरात माणसाचा अख्खा सांगाडा मिळाला. थर अतिप्राचीन, म्हणून त्यातला माणूसही अतिप्राचीन, असे त्यांनी जाहीर केले. पुढे उलगडा झाला की कुणीतरी फार नंतरच्या काळात जुन्या थरात खड्डा खणून ते प्रेत पुरले होते. सांगाडा सुमारे सतरा हजार वर्षांपूर्वीचा, तुमच्या-आमच्यासारख्या माणसाचा निघाला. हाड कोणत्या थरात सापडले एवढे पाहून भागत नाही, ते तिथे कसे आले हेही पाहावे लागते. ओल्डुवाईने शिकवलेला हा पहिला धडा आणि माझ्या मते सर्वांत मोठा.

१९३१ मध्ये लुई लीकी इथे आले. त्यांचा जन्म केनियातला, वडील मिशनरी, बालपण किकुयू मुलांमध्ये गेलेले. रेक यांना १९१३ मध्ये दगडी हत्यारे दिसली नव्हती. पोचल्यापासून चोवीस तासांत हत्यार शोधून दाखवीन अशी पैज लुईंनी त्यांच्याशी लावली आणि जिंकली. रेक युरोपातल्यासारखी चकमकीची हत्यारे शोधत होते, इथली हत्यारे मात्र लाव्हाची आणि क्वार्ट्झाइटची होती. १९३५ मध्ये मेरी निकोल आल्या, त्या पुढे मेरी लीकी झाल्या. चित्रकलेत तरबेज, उत्खननात काटेकोर, जमिनीवरची नजर विलक्षण. त्यानंतरची चोवीस वर्षे त्यांना हत्यारे हजारोंनी मिळाली, जनावरांची हाडे ढिगांनी मिळाली. ती हत्यारे घडवणारा मात्र हाती लागला नाही.

१७ जुलै १९५९ ची सकाळ. लुई तापाने तंबूत पडले होते. मेरी आपली कुत्री घेऊन एकट्याच पाहणीला निघाल्या. पहिल्या थराच्या उतारावर त्यांना कवटीचा एक तुकडा मातीतून डोकावताना दिसला. माती ब्रशने हलकेच बाजूला सारली तेव्हा वरच्या जबड्यातल्या दोन मोठ्या दाढा दिसल्या. पुढे चारशेच्या आसपास तुकडे जुळवून ती कवटी उभी राहिली. कपाळ जवळजवळ नाहीच, डोक्याच्या मधोमध हाडाचा उभा कंगोरा, गालाची हाडे रुंद आणि दाढा आपल्या दाढांच्या कितीतरी पट मोठ्या. लुईंनी तिला झिंजान्थ्रोपस बोइसेई, थोडक्यात झिंज, हे नाव दिले. बोइसेई हा भाग संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या चार्ल्स बोइस यांच्यावरून आला. आज शास्त्रज्ञ या जातीला पॅरान्थ्रोपस बोइसेई म्हणतात. मूळ कवटी दार-एस-सलामच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या ताब्यात आहे. दरीतल्या संग्रहालयात तिची प्रतिकृती पाहायला मिळते.

लुईंचा अंदाज होता की ही कवटी सहा लाख वर्षांपूर्वीची असावी. १९६१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या बर्कली विद्यापीठातले गार्निस कर्टिस आणि जॅक एव्हर्नडेन यांनी त्या थरातल्या राखेचे वय पोटॅशियम-अर्गॉन पद्धतीने काढले. ही पद्धत समजायला अवघड नाही. खनिजातल्या पोटॅशियमचा एक अल्पसा भाग किरणोत्सारी असतो आणि तो अतिशय सावकाश अर्गॉन वायूत बदलत राहतो. लाव्हा वितळलेला असताना जुना अर्गॉन निसटून जातो. स्फटिक थंड होऊन घट्ट झाला की नवा अर्गॉन त्यात कोंडून राहतो. किती पोटॅशियम उरले आणि किती अर्गॉन साठला हे मोजले की उद्रेकाला किती काळ झाला ते कळते. उत्तर आले साडेसतरा लाख वर्षे. माणसाच्या पूर्वेतिहासाची लांबी एका फटक्यात जवळजवळ तिप्पट झाली. हाडाचे वय हाडाने सांगितले नव्हते, त्याच्या सोबतीला असलेल्या राखेने सांगितले होते. पृथ्वीच्या चुंबकीय इतिहासातला सुमारे १९ लाख ते १८ लाख वर्षांपूर्वीचा एक टप्पा आजही जगभरचे भूशास्त्रज्ञ ओल्डुवाईच्याच नावाने ओळखतात.

१९६० साली लुई-मेरींचा थोरला मुलगा जोनाथन याला जवळच दुसरी हाडे मिळाली. एका मुलाचा खालचा जबडा, कवटीचे पातळ तुकडे, हाताची हाडे. दात लहान, मेंदूची पोकळी मोठी. बोइसेईचा मेंदू सुमारे ५०० घनसेंटिमीटरचा, तर या मुलाचा ६०० च्या बराच पुढे. १९६४ मध्ये लुई लीकी, फिलिप टोबायस आणि जॉन नेपियर यांनी ही नवी जात जाहीर केली आणि तिला होमो हॅबिलिस, म्हणजे हस्तकुशल मानव, असे नाव दिले. ही जात आपल्या होमो गणात घालावी की नाही यावर पुष्कळ वाद झाला आणि तो पुरता मिटलेला नाही. एक गोष्ट मात्र वादातीत राहिली. बोइसेई आणि हॅबिलिस दोघेही पहिल्या थरातले, एकाच सरोवराच्या काठचे. पुढच्या काळातल्या दुसऱ्या थरात बोइसेई होताच आणि त्याच्या जोडीला आता होमो इरेक्टस होता.

फाट्यावर दोन कवट्या शेजारी शेजारी का आहेत, हे इथे नीट कळते. त्या बोइसेईच्या आणि हॅबिलिसच्या आहेत. मार्गदर्शक सांगत होता की आलेले लोक सर्वांत जास्त एकच प्रश्न विचारतात. माकडापासून माणूस झाला, तर माकडे अजून माकडेच कशी? हा प्रश्न आपल्या मनात बसलेल्या त्या चित्रातून येतो, ज्यात डावीकडे वाकलेले माकड असते, उजवीकडे ताठ माणूस, आणि मध्ये एकामागे एक चालणारे पूर्वज. ओल्डुवाईच्या पहिल्या थराने ती रांग मोडून टाकली. माणसाचे आणि आजच्या चिंपांझीचे पूर्वज एक होते, त्यानंतर वाटा फुटल्या. आपल्या वाटेलाही पुढे अनेक फाटे फुटले. एकाच वेळी, एकाच पाण्यावर, दोन पायांवर चालणारे दोन वेगवेगळे जीव राहत होते. बोइसेई दहा लाख वर्षांहून अधिक टिकला आणि मग संपला. तो कुणाचीही पायरी नव्हता. त्याच्या दाढांवरून आधी त्याला कठीण कवचाची फळे फोडणारा ठरवले गेले. नंतर दातांतल्या कार्बनच्या तपासणीत दिसले की त्याचा आहार मुख्यतः गवत आणि लव्हाळे अशा वनस्पतींचा होता. एका बाजूला चारा चावणारा, दुसऱ्या बाजूला दगड फोडणारा, आणि दोघांच्या मध्ये एक सरोवर.

मार्गदर्शक सोबत घेऊन दरीत उतरता येते आणि उतरायलाच हवे. वरून सपाट वाटणारी जमीन खाली गेल्यावर उतार, घळी आणि कोरड्या ओढ्यांत विभागली जाते. तलवारीसारखी पाती असलेली रानटी घायपातीची झुडपे जागोजागी उभी आहेत. मासाई हिलाच ओल्डुपाई म्हणतात, दरीचे नाव तिच्यावरूनच. झिंज सापडला तिथे एक साधा स्मृतिस्तंभ आहे. ऊन डोक्यावर होते, वारा तोंडात माती भरत होता. याच जागी मेरींनी पुढच्या काळात सबंध जमिनीचा पट्टा थराबरहुकूम उघडला आणि त्यावरची प्रत्येक वस्तू नकाशावर मांडली. अडीच हजारांच्या आसपास दगडी हत्यारे आणि त्यांच्यात मिसळलेले हाडांचे हजारो तुकडे निघाले. वेचून संग्रहालयात नेलेल्या हत्यारांपेक्षा या नकाशाची किंमत मोठी आहे. कोणता दगड कोणत्या हाडाशेजारी होता हे त्यातून कळते.

हत्यारे पाहिली की त्यांचा साधेपणा आधी डोळ्यांत भरतो. मुठीएवढा गोटा घ्यायचा, दुसऱ्या दगडाने त्याच्या कडेवर नेमक्या कोनात आघात करायचा. धारदार छिलका सुटतो. त्याने कातडे फाडता येते, मांस कापता येते, आणि उरलेल्या जड गाभ्याने हाड फोडता येते. नैबोर सोइट नावाच्या जवळच्या टेकडीचा चकाकणारा क्वार्ट्झाइट या कामी फार वापरला गेला. ती टेकडी दरीतून दिसते. दगड तिथून उचलून इथवर आणला जाई, म्हणजे पुढे लागणार आहे हे आधी मनात होते. १९८० च्या दशकात संशोधकांनी इथली जनावरांची हाडे सूक्ष्मदर्शकाखाली घातली आणि त्यांवर दगडाने कापल्याच्या रेघा ओळखल्या. काही हाडे मज्जेसाठी फोडलेली होती. शिकार त्यांनीच केली की हिंस्र पशूंनी मारलेल्या जनावरावर ते आले, यावर अजून वाद चालू आहे. मांस आणि मज्जा त्यांच्या पोटात गेली, हे मात्र या रेघा सांगतात.

संग्रहालयात नामशेष प्राण्यांचेही दर्शन घडते. लांबच लांब शिंगांचा पेलोरोव्हिस, आणि जिराफाच्या कुळातला धिप्पाड शिवथेरियम. या शिवथेरियमचे पहिले अवशेष भारतात, शिवालिकच्या टेकड्यांत, १८३० च्या दशकात मिळाले होते. आफ्रिका आणि आशिया यांच्यामध्ये जनावरांची ये-जा किती जुनी आहे, याचा तो पुरावा.

ओल्डुवाईच्या कथेत लीकी कुटुंबाचे नाव ठळक आहे आणि ते योग्यच आहे. पण उन्हात वाकून माळ पिंजून काढणारे बहुतेक हात आफ्रिकी होते, विशेषतः केनियाच्या कांबा समाजातले. हेसेलॉन मुकिरी हे लुईंचे जुने सहकारी. कामोया किमेउ यांनी १९६४ मध्ये नॅट्रॉन सरोवराजवळ पेनिंज इथे बोइसेईचा सुरेख जबडा शोधला आणि १९८४ मध्ये केनियात तुर्काना सरोवराच्या पश्चिमेला होमो इरेक्टस गटातल्या एका मुलाचा जवळजवळ संपूर्ण सांगाडा ज्यामुळे हाती आला तो पहिला तुकडा त्यांनाच दिसला. माउंडू मुलुइला यांनी १९७४ मध्ये लाएटोलीला जो जबडा वेचला, तोच पुढे ऑस्ट्रेलोपिथेकस अफारेन्सिस या जातीचा प्रमाण नमुना ठरला. इथिओपियातली जगप्रसिद्ध ‘ल्युसी’ याच जातीची. या माणसांपाशी विद्यापीठाच्या पदव्या नव्हत्या. दगडांच्या पसाऱ्यातून हाड वेगळे ओळखणारी नजर होती आणि त्या नजरेवर हे शास्त्र उभे आहे.

लाएटोली ओल्डुवाईच्या दक्षिणेला सुमारे ४५ किलोमीटरवर आहे. तिथले सर्वांत मोठे धन जमिनीखाली झाकून ठेवलेले असल्यामुळे ते पाहायचे ते ओल्डुवाईच्या संग्रहालयातल्या प्रतिकृतीवर. ३६ लाख ६० हजार वर्षांपूर्वी एका ज्वालामुखीतून बारीक राख पडली, मग हलका पाऊस आला. आपल्याकडे ओल्या कोब्यावरून मांजर गेले तर त्याची पावले कायमची राहतात, तसे त्या राखेवरून जे जे गेले त्याचे ठसे राहिले. राखेतल्या क्षारांमुळे ती लवकर कडक झाली आणि पुढच्या उद्रेकाने वर नवा थर घातला. पावसाच्या थेंबांचे खळगेसुद्धा टिकले. १९७६ मध्ये संशोधक अँड्र्यू हिल आणि त्यांचे सहकारी काम आटोपून खेळीमेळीत एकमेकांवर हत्तीचे वाळके शेण फेकत होते. चुकवताना हिल खाली पडले आणि डोळ्यांसमोर त्यांना जनावरांचे ठसे दिसले. १९७८ मध्ये पॉल एबेल यांना माणसासारखी टाच दिसली आणि मेरी लीकींच्या पथकातले न्डिबो म्बुइका यांनी खणायला सुरुवात केल्यावर पाऊलवाट उलगडत गेली.

ती सुमारे २७ मीटर लांब आहे. दोन ओळी जवळजवळ समांतर चालतात आणि एका ओळीत कुणीतरी पुढच्याच्या पावलात पाऊल टाकत गेले आहे. मी प्रतिकृतीपाशी बराच वेळ उभा राहिलो. अंगठा इतर बोटांच्या रांगेत, चिंपांझीसारखा बाजूला फाकलेला नाही. टाच आधी टेकलेली, मग भार पुढे आलेला. हात टेकल्याची खूण कुठेही नाही. चालणाऱ्यांचा मेंदू चिंपांझीच्या मेंदूपेक्षा फारसा मोठा नसणार आणि आजवर सापडलेली सर्वांत जुनी दगडी हत्यारे, केनियातल्या लोमेक्वीची, ३३ लाख वर्षांपूर्वीची आहेत. म्हणजे मेंदू मोठा झाला, मग माणूस ताठ उभा राहिला, हा क्रम उलटा आहे. आधी चाल आली. हत्यारे आणि मोठा मेंदू पुष्कळ नंतर आले. इंग्लंडमधली पिल्टडाउनची बनावट कवटी १९५३ पर्यंत अनेकांनी खरी मानली, कारण ती आधी मेंदू या समजुतीला सोयीची होती. लाएटोलीच्या राखेने ती समजूत कायमची निकालात काढली.

२०१६ साली त्याच परिसरात आणखी दोघांचे ठसे जाहीर झाले, त्यांतला एक बराच उंच होता. पहिली पाऊलवाट मात्र १९७९ मध्ये पुन्हा मातीने झाकली होती. त्या मातीत बाभळीचे बी आले, झाडे वाढली आणि मुळे ठशांपर्यंत पोचण्याचा धोका निर्माण झाला. १९९० च्या दशकात टांझानिया सरकार आणि गेटी संवर्धन संस्था यांनी ती उघडली, मुळे काढली आणि संरक्षक कापडाचे थर घालून पुन्हा गाडली. एवढ्या मोलाची वस्तू कुणालाही दिसू नये असे ठेवणे पर्यटकाला खटकेल. पण छत घालून उघडी ठेवण्यापेक्षा झाकलेली बरी, हा निर्णय मला योग्य वाटतो. उघडे पडले की ऊन, पाऊस आणि माणूस तिघेही झिजवतात.

दरीच्या उत्तरेला माळावर काळ्या राखेची चंद्रकोरीच्या आकाराची एक टेकडी आहे. ती वाऱ्याबरोबर सतत पश्चिमेकडे सरकते. तिच्या जुन्या जागा दाखवणारे खुणेचे दगड माळावर लावले आहेत. ही राख ओल डोइन्यो लेंगाईची, म्हणजे मासाईंच्या पवित्र पर्वताची. तो आजही जिवंत आहे आणि कार्बोनेटाइट नावाचा वेगळ्याच जातीचा लाव्हा ओकणारा जगातला एकमेव जागृत ज्वालामुखी आहे. २००७-०८ मध्ये त्याने मोठी राख उडवली. ज्या प्रक्रियेने झिंजची कवटी आणि लाएटोलीची पावले राखली, ती इथे थांबलेली नाही.

आफ्रिकेतली ही एकच जागा नव्हे. १९२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत टाउंगच्या मुलाची कवटी मिळाली. चाडमधला सात दशलक्ष वर्षांच्या घरातला तूमाई, इथिओपियातली ४४ लाख वर्षांपूर्वीची आर्डी आणि ३२ लाख वर्षांपूर्वीची ल्युसी हे सगळे आदिमानवही याच खंडातले. आपल्या जातीचे, होमो सेपियन्सचे, सर्वांत जुने अवशेष मोरोक्कोतल्या जेबेल इरहूदचे, सुमारे तीन लाख वर्षांपूर्वीचे. आज पृथ्वीवर असलेला प्रत्येक माणूस, तुम्ही-आम्ही धरून, मुख्यतः आफ्रिकेतल्या त्याच पूर्वजांचा वंशज आहे. मुंबईहून टांझानियाकडे जाताना बहुधा आदिस अबाबा किंवा नैरोबीला विमान बदलावे लागते. सवड असेल तर आदिसच्या राष्ट्रीय संग्रहालयात ल्युसीची प्रतिकृती आणि नैरोबीच्या संग्रहालयात तुर्कानाचा मुलगा अवश्य पाहावा.

आणि ही कथा आपल्या दारापर्यंत येते. आफ्रिकेत सुमारे साडेसतरा लाख वर्षांपूर्वी दोन्ही बाजूंनी घडवलेली हातकुऱ्हाड तयार होऊ लागली. ओल्डुवाईच्या दुसऱ्या थरापासून ती मिळते. तशाच घडणीच्या हातकुऱ्हाडी तमिळनाडूत अत्तिरमपक्कमला मिळाल्या आणि शांती पप्पू यांच्या पथकाने २०११ मध्ये त्यांचे वय सुमारे पंधरा लाख वर्षे ठरवले. नर्मदेकाठी हथनोऱ्याला अरुण सोनकिया यांना १९८२ मध्ये प्राचीन मानवाच्या कवटीचा भाग मिळाला. महाराष्ट्रात प्रवरेकाठी नेवाशाला ह. धी. सांकळिया यांनी १९५० च्या दशकात पुराश्मयुगीन हत्यारे उजेडात आणली. जुन्नर तालुक्यात कुकडीकाठी बोरी इथे तर ज्वालामुखीची राख आणि हातकुऱ्हाडी एकाच परिसरात मिळाल्या. तिथल्या राखेच्या वयावर संशोधकांत मतभेद आहेत आणि तो वाद पुन्हा थरांचाच आहे. ती राख मुळात पडली तिथेच आहे की नदीने वाहून आणली, हत्यारे तिच्या खालची की वरची, यावर सारे अवलंबून आहे.

ओल्डुवाईला जाणार असाल तर सफारी ठरवतानाच किमान अर्धा दिवस मागून घ्या, दरीत उतरण्यासाठी मार्गदर्शक घ्या, टोपी आणि पाणी जवळ ठेवा आणि तिथला खडाही उचलू नका. जाणे जमणार नसेल तरी एक गोष्ट आपल्या हातची आहे. कुकडी, घोड, प्रवरा, गोदावरी यांच्या काठी किंवा शेताच्या बांधावर घडवल्यासारखा दिसणारा दगड आढळला, तर तो घरी आणून शोकेसमध्ये ठेवू नका. आहे तिथेच असू द्या, जागेसह फोटो काढा आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजला किंवा पुरातत्त्व खात्याला कळवा. जागेवरून हलवलेला दगड नुसता दगड उरतो. जागेवर राहिला तर तो पुरावा असतो.